केशवराव भोसले नाट्यगृह: ‘जसं होतं तसं’ म्हणजे कुठल्या काळचं?

प्रश्न असा आहे: कोल्हापूरचं संगीतसूर्य केशवराव भोसले नाट्यगृह ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री जळालं आणि लगेचच ‘जसं होतं तसं परत उभं करा’ ही मागणी सुरू झाली. तर या वास्तूचा इतिहास नेमका काय, तिच्यात एवढं विशेष काय होतं, आणि जसं होतं तसं बांधता येतं का?

उत्तर लांबणार आहे. मी नेपथ्य आणि प्रकाशयोजना करणारा माणूस. आयुष्य सेटच्या टेम्पोमागून हिंडण्यात गेलं, त्यामुळे नाट्यगृहाकडे मी पाहतो ते मागच्या दारातून. कमानी आणि नक्षी मला उशिरा दिसते. आधी दिसतं ते विंगेत, म्हणजे रंगमंचाच्या बाजूच्या आडोशात, जागा किती, सेट आत घ्यायला दार केवढं, लाइटचे बार कुठे बांधता येतील आणि शेवटच्या रांगेतल्या प्रेक्षकाला पात्राचे पाय दिसतात की नाही. हा इतिहासही त्याच अंगाने सांगतो. तारखा आणि नावं येतीलच, पण एवढ्यावरून ही वास्तू कळत नाही.

सुरुवात नाट्यगृहापासून करायचीच नाही. शेजारच्या खासबाग मैदानापासून करायची.

राजर्षी शाहू महाराज १९०२ मध्ये सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणासाठी विलायतेला गेले. त्या प्रवासात रोमचं जुनं क्रीडागार त्यांनी पाहिलं आणि तसं काही आपल्या गावात असावं असं त्यांच्या मनाने घेतलं, असं कोल्हापुरात सांगतात. परत आल्यावर कुस्तीचं मैदान घडलं, ते १९१२ साली खुलं झालं. मधे खोलगट आखाडा आणि भोवती चढत जाणारे मातीचे उतार. खांब नाही, छप्पर नाही, आडवं काही नाही. हजारो माणसं बसली तरी कुणाच्या डोक्याआडून कुणाला पाहावं लागत नाही. ‘साइटलाइन’, म्हणजे प्रेक्षकाच्या नजरेची रेषा, हा शब्द आम्ही आज ड्रॉइंगवर पेन्सिलीने रेघा ओढून शिकतो, तो इथे मातीत उतरवलेला आहे.

मग महाराजांनी या मैदानाला लागूनच नाट्यगृह बांधायला घेतलं. ९ ऑक्टोबर १९१३ ला काम सुरू झालं आणि १९१५ मध्ये वास्तू उभी राहिली. नाव पॅलेस थिएटर. जुने कोल्हापूरकर अजूनही ‘पॅलेस’ असंच म्हणतात. नाट्यगृहाची मागची बाजू मैदानाकडे येते आणि तिथे मैदानाच्या तोंडाने खुला रंगमंच. म्हणजे रंगमंचाला रंगमंचाची पाठ: एका अंगाला छपराखालचे काही शे प्रेक्षक, दुसऱ्या अंगाला उघड्यावरचे हजारो. कुस्ती आणि नाटक यांना एकाच आवारात, एकमेकांना टेकवून जागा देणारी दुसरी वास्तू मला तरी महाराष्ट्रात भेटलेली नाही. केशवराव भोसल्यांनी या मैदानात उघड्यावर ‘मृच्छकटिक’ केल्याची आठवण गावात सांगितली जाते. माइक नसताना, आणि तेही संगीत नाटक. आज आम्ही चार स्पीकर टांगूनही मैदानी प्रयोगाला घाबरतो.

ही गोष्ट आधी सांगायचं कारण असं, की आगीनंतरच्या चर्चेत सगळा भर आतल्या प्रेक्षागृहावर राहिला. मैदानाकडची बाजू पुन्हा कशी उभी राहणार यावर फार कमी लोक बोलले. माझ्या मते या वास्तूचं सगळ्यात वेगळेपण तिथे आहे.

आता १९१५ च्या सुमाराचं नाटक म्हणजे काय होतं ते डोळ्यांसमोर आणायला हवं. कोल्हापूरपासून जवळच, सांगलीत, १८४३ मध्ये विष्णुदास भाव्यांनी राजवाड्यात ‘सीतास्वयंवर’ केलं. पुण्यात ३१ ऑक्टोबर १८८० ला अण्णासाहेब किर्लोस्करांनी ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आणलं आणि संगीत नाटकाचं युग सुरू झालं. देवलांचं ‘शारदा’ आलं, १९११ मध्ये खाडिलकरांचं ‘मानापमान’ आलं. मंडळी गावोगाव फिरायची. वाड्याच्या चौकात, मांडवात, पत्र्याच्या शेडमध्ये प्रयोग व्हायचे. आवाज गळ्याचा, उजेड बत्त्यांचा, देखावा रंगवलेल्या पडद्यांचा. अशा काळात एका संस्थानिकाने पक्कं, दगडी भिंतींचं आणि मधे एकही खांब न येणारं नाट्यगृह बांधणं ही साधी गोष्ट नव्हती. खांब नाही म्हणजे वरचं सगळं ओझं भिंतींवर आणि कैच्यांवर, म्हणजे छप्पर पेलणाऱ्या त्रिकोणी सांगाड्यांवर. सभागृह जितकं रुंद तितकी कैची लांब आणि खर्च जास्त. मधे दोन खांब घेतले असते तर काम स्वस्तात झालं असतं, पण मग खांबामागच्या खुर्च्या कायमच्या वाया गेल्या असत्या. मैदानात ज्याने सगळ्यांना दिसेल असं पाहिलं, त्यानेच आतही तेच पाहिलं.

ज्यांचं नाव पुढे या वास्तूला मिळालं ते केशवराव इथलेच. ९ ऑगस्ट १८९० चा जन्म. लहानपणीच स्वदेश हितचिंतक नाटक मंडळीत दाखल झाले, ‘शारदा’तली शारदा त्यांनी गाजवली आणि ‘मूर्तिमंत भीति उभी’ हे पद त्यांच्या गळ्याशी कायमचं जोडलं गेलं. १ जानेवारी १९०८ ला हुबळीत त्यांनी ‘ललितकलादर्श’ ही स्वतःची मंडळी काढली तेव्हा वय अवघं सतरा. आणि ४ ऑक्टोबर १९२१ ला गेले तेव्हा एकतीस. त्याच्या तीनच महिने आधी, ८ जुलै १९२१ ला, मुंबईत बालीवाला थिएटरमध्ये टिळक स्वराज्य फंडासाठी दोन मंडळ्यांचं मिळून संयुक्त ‘मानापमान’ झालं होतं, केशवराव नायक धैर्यधर आणि बालगंधर्व नायिका भामिनी. दोघांच्या चाहत्यांमधली चुरस त्या एका रात्रीपुरती बाजूला राहिली असं लोक मानतात. मला शंका आहे, चुरस बहुधा त्या रात्रीच सगळ्यात जास्त असणार.

केशवराव नट-गायक म्हणून माहीत असतात, पण माझ्या धंद्यातल्या माणसाला ते वेगळ्या कारणासाठी जवळचे. मराठी रंगभूमीवर दर्शनी मखमली पडदा आणण्याचं श्रेय त्यांना जातं. आज मखमली पडदा म्हटलं की शाळेच्या स्नेहसंमेलनातलासुद्धा आठवतो, म्हणून त्याचं मोल कळत नाही. त्याआधी समोर असायचा तो रंगवलेला पडदा, खालून वर गुंडाळत जाणारा. तो वर जाताना प्रेक्षकाला पात्रांचे आधी पाय दिसायचे, मग कंबर, मग चेहरा. नांदीला उभ्या राहिलेल्या मंडळींचं पहिलं दर्शन असं तुकड्यातुकड्यांनी व्हायचं. मखमली पडदा मधून फाकतो. चित्र एकदम उघडतं. प्रवेशाची पहिली चौकट ही दिग्दर्शकाच्या हातातली गोष्ट झाली ती तिथून.

पडद्यांचं आणखी थोडं सांगतो, कारण कोल्हापूरचं नाट्यगृह आणि कोल्हापूरची चित्रकला यांचा सांधा तिथे आहे. आनंदराव आणि बाबूराव पेंटर या भावांनी ‘ललितकलादर्श’सारख्या मंडळ्यांसाठी पडदे रंगवले. मांजरपाटाचं कापड शिवून मोठा पट करायचा, त्याला खळ द्यायची, सरसात कालवलेले कोरडे रंग लावायचे, खाली लाकडी रूळ. रस्ता, राजवाडा, बाग, जंगल हे नेहमीचे विषय. रस्त्याचा पडदा पुढे पाडला की त्याच्यापुढे दोन पात्रांचा छोटा प्रवेश चालायचा आणि मागे राजवाड्याचं सामान लागायचं. आजचा ब्लॅकआऊट करतो तेच काम, फक्त उजेडात आणि गाण्यासकट.

या पडद्यांवर खोली दाखवायची ती यथार्थदर्शनाने. महालाचे खांब लहान लहान होत मागे गेल्यासारखे. पण रंगवलेल्या खोलीची एक अट असते: ती एका ठरावीक जागेवरूनच पूर्ण खरी दिसते. ती जागा म्हणजे प्रेक्षागृहाच्या मध्यरेषेवर, रंगमंचापासून ठरावीक अंतरावर, डोळ्याच्या ठरावीक उंचीवर. कडेच्या खुर्चीतून तोच महाल तिरका होतो. म्हणून अशा काळातल्या नाट्यगृहात मध्यरेषा, रंगमंचाची उंची आणि पहिल्या काही रांगांचा उतार यांना अर्थ असतो. पुढे कुणी रंगमंच वीतभर वर उचलला किंवा खुर्च्यांची मांडणी बदलली तर प्रेक्षकाला काही तरी बिनसल्यासारखं वाटतं, काय ते सांगता येत नाही. पेंटरबंधूंपैकी आनंदराव १९१६ मध्येच गेले. बाबूरावांनी कोल्हापुरातच महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली. त्या कंपनीत तयार झालेल्या लोकांनी १९२९ मध्ये ‘प्रभात’ उभी केली, ‘प्रभात’ने १९३२ मध्ये ‘अयोध्येचा राजा’ हा पहिला मराठी बोलपट दिला, आणि बोलपटाने संगीत नाटकमंडळ्यांचा कणा मोडला. म्हणजे पॅलेस थिएटरच्या भरभराटीला हातभार लावणारा हात आणि त्याचा बाजार उठवणारा हात, दोन्ही त्याच गल्ल्यांमधून आले. ‘अयोध्येचा राजा’तले हरिश्चंद्र गोविंदराव टेंबे होते, ‘मानापमान’च्या चाली बांधणारे. दोष कुणाला देणार?

आता आवाजाकडे येतो. या नाट्यगृहाच्या ध्वनीबद्दल फार दंतकथा आहेत. रंगमंचाखाली पोकळी होती, त्यात पाणी होतं, त्यामुळे आवाज घुमून शेवटपर्यंत जायचा वगैरे. रंगमंच लाकडी आणि खाली पोकळ असेल तर एक गोष्ट नक्की होते: तो ढोलकीच्या अंगासारखा वागतो. पाऊल पडलं, पट्टी आपटली, ऑर्गन ठेवून वाजवला की त्या लाकडातून खर्जाला भरणा मिळतो. गायकालाही पायाखालून स्वत:चा सूर जाणवतो, आणि ही गोष्ट गाणाऱ्याला फार धीर देते. पण शेवटच्या रांगेत शब्द स्वच्छ पोचण्याचं श्रेय मी पोकळीला किंवा पाण्याला देणार नाही. ते श्रेय आकाराचं आहे.

आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. नटाच्या तोंडून निघालेला शब्द प्रेक्षकाकडे दोनदा येतो, एकदा थेट आणि एकदा भिंत किंवा छतावर आपटून. दुसरा आवाज पहिल्यानंतर सेकंदाच्या विसाव्या भागाच्या आत आला तर कान दोन्ही एकत्र करतो आणि शब्द ठसठशीत ऐकू येतो. उशीर झाला तर तोच आवाज गोंधळ घालतो. सेकंदाचा विसावा भाग म्हणजे सतरा मीटरचा जादा प्रवास. प्रेक्षागृह फार रुंद नसेल, भिंती घट्ट दगडी असतील, छत अवाच्या सवा उंच नसेल, तर बहुतेक परावर्तनं या हिशेबात बसतात. त्यात लाकूड आणि खच्चून भरलेली माणसं हा चांगला शोषक. मोकळ्या सभागृहात तालमीला आवाज वाजतो आणि हाऊसफुल्ल प्रयोगाला तोच आवाज गोळीबंद होतो, हा अनुभव रंगकर्मींना कुठेही येतो. या नाट्यगृहात हा फरक सुखद होता. संवादाला शब्द कळतील इतका कोरडेपणा आणि पदाला तान लांबेल इतका ओलावा, हे दोन्ही एका सभागृहात साधणं अवघड असतं. संगीत नाटकाला दोन्ही लागतात, कारण नट बोलता बोलता गायला लागतो.

चेहऱ्याचंही तसंच. वीस-पंचवीस मीटरपलीकडे माणसाच्या डोळ्यातले भाव उघड्या डोळ्यांना दिसत नाहीत, हा नाट्यगृह बांधणाऱ्यांचा जुना अंदाज. जुनी नाट्यगृहं या अंदाजात राहायची, कारण राहिलं नाही तर धंदा बसायचा. आजची हजार-बाराशे खुर्च्यांची सभागृहं या अंदाजाला धाब्यावर बसवतात आणि मग आम्हाला सांगतात, लाइट वाढवा.

स्वातंत्र्यानंतरचा भाग मी भराभर उरकतो. १९४९ मध्ये कोल्हापूर संस्थान विलीन झालं. पॅलेस थिएटरला केशवरावांचं नाव मिळालं, आणि पुढे वास्तूचा कारभार महापालिकेकडे राहिला. नूतनीकरणं झाली, वेगवेगळ्या वेळी. खुर्च्या बदलल्या, छताचं आणि आतल्या सजावटीचं काम झालं, वातानुकूलन आलं. या प्रत्येक टप्प्यावर काही मिळालं आणि काही गेलं, आणि यात कुणा एकाला खलनायक करायचं कारण नाही. उकाड्यात तीन तास कोण बसणार?

पण एका काळाबद्दल थोडं थांबायला हवं. राज्य नाट्य स्पर्धा १९५४-५५ पासून सुरू झाली, आणि कोल्हापूर केंद्राची प्राथमिक फेरी म्हटली की हेच नाट्यगृह. इचलकरंजी, गडहिंग्लज, गारगोटीकडून मंडळी येणार. दिवसभर कुठे बँकेत, कुठे शाळेत नोकरी करणारी माणसं रात्री रंगमंचावर. आदल्या दिवशीचा सेट उतरतोय, दुसऱ्याचा विंगेत उभा आहे, तिसऱ्याचा ट्रक खाली आलाय. मेकअप रूममध्ये आरशापुढे एकाच वेळी दोन नाटकांतले राजे. हौशी रंगकर्मींच्या कितीतरी पिढ्यांनी तिसऱ्या घंटेनंतर पोटात गोळा येणं इथे पहिल्यांदा अनुभवलं. आगीच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे केशवरावांच्या जयंतीला, भिंतींपाशी रडताना जे लोक दिसले त्यांत नामवंत कमी आणि असे स्पर्धेतले लोक जास्त होते. व्यावसायिक नटाला महाराष्ट्रात वीस नाट्यगृहं आहेत. त्यांना हे एकच होतं.

याच काळात माइक आला, आणि माझ्या मते १९१५ च्या नाट्यगृहाचा पहिला मोठा बदल आगीने केलेला नाही, माइकने केला. रंगमंचाच्या पुढच्या कडेला माइक ठेवले, वरून टांगले, की नट आपोआप त्यांच्याकडे सरकतात. महत्त्वाचं वाक्य पुढे येऊन बोलायचं. मग मागच्या अर्ध्या रंगमंचाचा उपयोग फक्त सोफा ठेवायला. गळ्याच्या आवाजासाठी बांधलेल्या सभागृहात स्पीकरचा आवाज भिंतींवरून उलटतो, म्हणून भिंतींना मऊ अस्तर लावायचं. अस्तर लावलं की गळ्याचा आवाज मरतो, म्हणून माइक वाढवायचा. असं ते चक्र. मी स्वतः माइकविरोधी नाही, गालावर चिकटवायचे माइक वापरलेले प्रयोग मीही केले. पण ‘जसं होतं तसं’ म्हणणाऱ्याने सांगावं: माइकच्या आधीचं की नंतरचं?

प्रश्नाचा खरा गाभा इथे येतो. या चार भिंतींच्या आत एकामागून एक निदान तीन नाट्यगृहं होऊन गेली. गळ्याच्या आवाजाचं पॅलेस थिएटर, माइकच्या काळातलं स्पर्धांचं सभागृह, आणि शेवटचं गुबगुबीत खुर्च्यांचं वातानुकूलित सभागृह. २०२४ मध्ये जळालं ते तिसरं. लोकांच्या डोळ्यांपुढे आहे तेही तिसरंच. आणि ज्या कारणासाठी वास्तूला ऐतिहासिक म्हणतो ते पहिलं.

बाहेर काय झालं ते पाहू. व्हेनिसमधलं ला फेनिचे हे ऑपेरागृह जानेवारी १९९६ मध्ये आगीत खाक झालं. तिथेही घोषणा हीच होती, ‘जसं होतं, जिथे होतं’. जुनी रेखाटनं, छायाचित्रं, अगदी तिथे चित्रित झालेल्या एका जुन्या चित्रपटातली दृश्यं तपासून त्यांनी आतलं सोनेरी सभागृह पुन्हा घडवलं आणि डिसेंबर २००३ मध्ये उघडलं. पण रंगमंचाची यंत्रणा, अग्निसुरक्षा हे सगळं नवं. दिसायला जुनं, चालायला नवं. आपल्याकडे मुंबईचं रॉयल ऑपेरा हाऊस हा दुसरा दाखला. १९११ मध्ये काम अपुरं असतानाच पंचम जॉर्जच्या हस्ते उद्घाटन झालेली वास्तू पुढे सिनेमागृह झाली, १९९३ मध्ये बंद पडली, २०१६ मध्ये परत उघडली. तिथे जतनकारांना ठरवावं लागलं की सिनेमाच्या काळातले बदल ठेवायचे की त्याआधीच्या रूपाकडे जायचं. त्यांनी आधीचं रूप निवडलं. कोल्हापुरातही ही निवड उघडपणे, नीट लिहून करायला हवी. ती केली नाही तर ठेकेदार करतो.

आगीचं कारण काय यावर मी बोलणार नाही, तो तपासाचा विषय. पण जुन्या नाट्यगृहांचा विजेशी असलेला संबंध सांगायलाच हवा. हॅलोजनचा एक पार दिवा, नाटकात नेहमी लागणारा नळकांड्यासारखा झोताचा दिवा, म्हणजे १००० वॅट. साध्या कौटुंबिक नाटकाला असे चाळीस लागले तर चाळीस किलोवॅट, म्हणजे एका फेजवर घेतले तर पावणेदोनशे अँपिअर प्रवाह. तीन फेजवर वाटून, योग्य जाडीच्या तारांमधून, उजेड कमी-जास्त करणाऱ्या चांगल्या डिमरमधून गेला तर काही बिघडत नाही. पण फिरत्या नाटकात रात्री प्रयोग, सकाळी दुसरं गाव. कुठल्या तरी नाट्यगृहात पॅनेलजवळ बोट लावलं तर चटका बसतो, वायरला जोड देऊन वर चिकटपट्टी गुंडाळलेली असते, आणि विंगेत प्लायवूड, थर्माकोल, कापड रचलेलं असतं. हे दृश्य मी इतक्या ठिकाणी पाहिलंय की एका जागेचं नाव घेण्यात अर्थ नाही. एलईडी दिव्यांनी हा भार बराच उतरवला आहे. तोच उजेड दीडशे-दोनशे वॅटमध्ये मिळतो. नव्या उभारणीत याचा फायदा घ्यावा.

आणि रंगमंच हा स्वभावानेच धुराडं असतो. खाली जळाऊ सामान, वर उंच पोकळी, समोर मोठी कमान, म्हणजे रंगमंचाची दर्शनी चौकट. आग लागली की ज्वाळा वर चढतात आणि कमानीतून प्रेक्षागृहात शिरतात. शिकागोच्या इरोक्वा थिएटरमध्ये १९०३ साली सहाशेवर माणसं गेली, तिथे आगरोधक पडदा होता, तो अर्ध्यात अडकला. पडदा असणं पुरेसं नाही, तो दर प्रयोगाआधी खाली-वर करून पाहिला पाहिजे. रंगमंचावर छतात धूर जाण्यासाठी आपोआप उघडणारी झडप, कमानीवर पाण्याचा पडदा, कापडाला आगरोधक लेप आणि तो ठरावीक काळाने पुन्हा देणं, हे सगळं जुन्या रूपाला धक्का न लावता बसवता येतं. ‘हेरिटेजमध्ये चालत नाही’ ही सबब कुणी पुढे केली तर ऐकू नये.

मग ठेवायचं काय? मी हक्काने काही सांगायचं झालं तर मोजमापं ठेवा. कमानीची रुंदी आणि उंची, रंगमंचाची खोली, जमिनीपासून रंगमंचाची उंची, प्रेक्षागृहाचा उतार, शेवटच्या रांगेचं अंतर, छताची उंची. भिंती उभ्या असल्यामुळे यातलं बरंच जागेवर मिळतं, उरलेलं जुन्या नकाशांतून आणि छायाचित्रांतून. ही आकडेवारी जपली तर नक्षी थोडी इकडेतिकडे झाली तरी नाट्यगृह तेच राहील. ती बदलली आणि नक्षी हुबेहूब केली, तर फोटो छान येतील. रंगमंच लाकडीच हवा, खाली मोकळी जागा ठेवून. सिमेंटच्या स्लॅबवर चिकटवलेलं लाकूड नको. नाचणाऱ्याचे गुडघे आणि गाणाऱ्याचा खर्ज दोघेही तक्रार करतात. विंगा आणि सामानाची वाट मात्र १९१५ ची ठेवू नका. तेव्हा पडदे गुंडाळून बैलगाडीतून यायचे, आता पंधरा फुटी फ्लॅट, म्हणजे सेटच्या भिंतींच्या चौकटी, येतात. खुर्च्या आरामशीर करा, पण रांगा तेवढ्याच ठेवा. एसी असू द्या, फक्त त्याचा आवाज रंगमंचावरच्या कुजबुजीपेक्षा मोठा नको. डक्ट रुंद घेतले आणि हवा सावकाश सोडली की हे जमतं, थोडा खर्च जास्त येतो इतकंच.

मैदानाकडची बाजू विसरू नका, हे मी परत सांगतो. तो खुला रंगमंच नुसता शोभेसाठी न बांधता वापरता येईल असा बांधला, त्याला वेगळा वीजपुरवठा आणि स्वतःचं सामानघर दिलं, आणि दोन्ही रंगमंचांच्या मधली भिंत आगीला अडवेल अशी केली, तर महाराजांची मूळ कल्पना शंभर वर्षांनी पुन्हा चालू होईल.

आणि एक व्यावहारिक सूचना, जी कुठल्याही निविदेत सापडणार नाही. छत आणि भिंतींचं काम झालं, की अस्तर आणि गाद्या लावायच्या आधी स्थानिक गायक-नटांना बोलवा. स्पीकर बंद. एकाला रंगमंचाच्या मागच्या भागात उभं करून ‘शारदा’तला एक संवाद आणि एक पद म्हणायला लावा. तज्ज्ञ यंत्र घेऊन बसतीलच, पण शेवटच्या रांगेत स्पर्धा केलेली चार जुनी माणसं बसवा. त्यानंतर कळेल अस्तर कुठे लावायचं, किती लावायचं, आणि कुठली भिंत तशीच उघडी सोडायची. गाद्या बसल्यावर ही चाचणी करून उपयोग नसतो, कारण तोवर बिलं निघालेली असतात.